एम.ई.चं शेवटचं वर्ष आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट : क्लास लावू की काय करू?

चाळीतला_इंजिनिअर | रविवार, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. नाशिकमध्येच एम.ई. करतोय, मेकॅनिकल, हीट पॉवर. तिसरं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय, म्हणजे लेक्चर जवळजवळ संपली आणि आता डिझर्टेशन एके डिझर्टेशन. विषय मंजूर झालाय: कांदाचाळीत पंख्याने हवा खेळवली तर सड आणि वजनातली घट किती कमी होते.

प्रश्न विषयाबद्दल नाही. सीनियर सांगतात, कॅम्पसला येणारे लोकही सांगतात, की पीजीवाल्यांना थिअरी येते पण काम अंगावर घेऊन तडीस नेता येत नाही. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, मेल धड लिहीत नाहीत, खर्च किती येईल विचारलं की एकमेकांकडे बघतात. कॉलेज रोडवरचा एक क्लास पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेची तयारी करून देतो म्हणतो, पण फी ऐकून घरी विषय काढायची हिंमत झाली नाही. मित्र म्हणतो प्रायमावेरा (कामांच्या तारखा आखायचं सॉफ्टवेअर) शीक, अंबड एमआयडीसीत लगेच घेतील. गेट परीक्षेवर अ‍ॅडमिशन असल्याने एआयसीटीईच्या शिष्यवृत्तीचे महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, त्यातच खोलीभाडं, मेस आणि प्रोजेक्टचा खर्च बसवायचाय.

डिझर्टेशनचा माझा प्लॅन असा: ऑगस्ट-सप्टेंबर लिटरेचर सर्व्हे, ऑक्टोबर डिझाइन, नोव्हेंबर फॅब्रिकेशन, डिसेंबरात पहिल्या टप्प्याचा रिव्ह्यू, जानेवारी ते मार्च प्रयोग, एप्रिलमध्ये थिसिस. एक्सेलमध्ये रंगीत पट्ट्यांचा गँट चार्टही केलाय.

तर, प्रोफेशनल स्किल आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणून नेमकं काय शिकू आणि कुठून?

मिसळ_तर्री_जास्त | रविवार, रात्री १०.२१

क्लासची फी वाचवलीस त्याबद्दल आधी अभिनंदन. बाकी जाणकार बोलतीलच, मी खुर्ची घेऊन बसलोय.

पुणेरी_पीएमओ | रविवार, रात्री ११.४०

नाशिकच्या धाग्यावर पुणेकर आलाय, सांभाळून घ्या.

पीएमपीचं आधी स्पष्ट करतो. ती परीक्षा अनुभवी लोकांसाठी आहे. चार वर्षांची डिग्री असेल तर प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि वर ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. तुझ्याकडे हा अनुभव नाही, म्हणजे आज तू परीक्षेचा फॉर्मच भरू शकत नाहीस. क्लासवाल्याने हे सांगितलं का, ते विचार. पीएमपी घेणाऱ्या पीएमआय या संस्थेचीच सीएपीएम नावाची खालच्या पायरीची परीक्षा आहे. तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण पुरतं. पण तीही आत्ताच द्यायला हवी असं नाही. नुसते विषय समजून घ्यायचे तर एनपीटीईएल या ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात. सर्टिफिकेट हवं असेल तेव्हाच परीक्षेचे हजार रुपये भर.

निफाडचा_कांदेवाला | सोमवार, सकाळी ६.१५

भाऊ, इंग्रजीतलं मला कळत नाही, पण एक विचारतो. जानेवारी ते मार्च प्रयोग करणार म्हणतो, तेव्हा चाळीत कांदा कुठून आणणार?

चाळीत आम्ही उन्हाळ कांदा भरतो. तो निघतो एप्रिल-मेमध्ये. जानेवारीत असतो तो रांगडा, तो टिकत नाही, शेतातून थेट मार्केटला जातो. तुझे पंखे रिकाम्या चाळीत फिरतील.

चाळीतला_इंजिनिअर | सोमवार, सकाळी ८.५०

काका, मग आत्ता चाळीत जो कांदा आहे तो कधीपर्यंत असतो?

निफाडचा_कांदेवाला | सोमवार, दुपारी १.०५

धरून ठेवला तर दिवाळीपर्यंत. लासलगावला भाव चढला तर चार दिवसांत चाळ मोकळी, तुझ्या प्रयोगासाठी कोणी थांबणार नाही. आणि खरी सड आत्ताच होते. श्रावणातली झड लागली की चाळीला घाम फुटतो, खालचा थर आधी जातो. मोजायचं असेल तर आत्ता मोज.

आराखडा | सोमवार, रात्री ९.३०

काकांनी दोन ओळींत जे केलं, त्याला आमच्या धंद्यात प्लॅनचा रिव्ह्यू म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

मी नाशिकमध्येच एम.ई. केलं, आता वीज क्षेत्रात प्लॅनिंग इंजिनिअर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामांच्या तारखा सांभाळणं हाच माझा पगार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या प्लॅनमधले कप्पे कॉलेजच्या वेळापत्रकावरून पडलेत. विद्यापीठाला डिसेंबरात एक टप्पा हवा आणि मे-जूनमध्ये दुसरा, म्हणून तू मधली जागा समान वाटून टाकलीस. असा चार्ट सगळेच करतात, कारण तो करायला कुणालाही फोन करावा लागत नाही. पण तुझं काम तीन वेगवेगळ्या घड्याळांवर चाललंय. एक विद्यापीठाचं. दुसरं फॅब्रिकेटरचं, ज्याच्या लेखी तुझी ऑर्डर सगळ्यात किरकोळ आहे. तिसरं कांद्याचं, आणि ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते ती, तू परीक्षेत सोडवला असशील. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या केमिकल कंपनीत तो निघाला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट, म्हणजे तीन अंदाजांवरून वेळ काढायची पद्धत. पेपरात प्रत्येक कामाचे दिवस दिलेले असतात आणि आपण सगळ्यात लांब वाट शोधतो. प्रत्यक्षात दिवस कुणी देत नाही, ते लोकांना विचारून काढावे लागतात. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखं निम्मं तरी इथेच आहे. कुणाला विचारायचं, कसं विचारायचं, आणि उत्तरावर किती विश्वास ठेवायचा.

फॅब्रिकेटर म्हणाला, आठ दिवसांत डक्ट (हवा नेणारी पत्र्याची नळी) देतो. त्याला विचार, सगळं जमून आलं तर? सहा. एरवी अशा कामाला किती लागतात? बारा. आणि मशीन बंद पडलं, मोठ्या गिऱ्हाइकाचं काम मध्ये आलं, गणपती आले तर? तीस. पर्टच्या सूत्राने सहा, अधिक बाराच्या चौपट अट्ठेचाळीस, अधिक तीस, भागिले सहा. उत्तर १४ दिवस. आठ आणि चौदा यांच्यातल्या फरकापायी रिव्ह्यूच्या आदल्या रात्री रडायची वेळ येते.

आता तुझं काम उलटं मांड. पंखा, डक्ट, डिझाइन हे सगळं डिसेंबरातही करता येईल. आत्ता न केल्यास पुन्हा न मिळणारी एकच गोष्ट आहे: पावसाळ्यातल्या साध्या, बिनपंख्याच्या चाळीचं तापमान आणि आर्द्रता. ही तुझी बेसलाइन. ती नसेल तर पंख्याने फरक पडला हे कशाच्या तुलनेत सांगणार? चाळीतल्या कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते असं संशोधन केंद्रं सांगतात. तुझ्या चाळीत प्रत्यक्षात किती, वरच्या थरात किती आणि तळाशी किती, हे पुढच्या दोन महिन्यांतच कळणार. म्हणून लिटरेचर सर्व्हे रात्री कर, दिवसा सेन्सर घेऊन चाळीवर जा.

सेन्सर म्हणून बहुतेक डीएचटी२२ घेशील, स्वस्त आहे आणि मिळतोही लगेच. पण त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेव, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसायला हवं. वर सेन्सर टांगून रात्रभर सोड. साधारण तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुझा सेन्सर ७९ दाखवत असेल तर चारचा फरक वहीत लिही. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

आणि प्रयोगासाठी खऱ्या चाळीची वाट बघू नकोस. हीट पॉवरच्या लॅबमध्ये छोटा कक्ष कर. पंचवीस-तीस क्रेट कांदा, चाळीत मोजलेली पावसाळी हवा कक्षात तयार कर, एका कक्षात पंखा आणि एकात नाही. त्यासाठी थोडा उन्हाळ कांदा आत्ताच विकत घेऊन ठेवावा लागेल. विषय तोच राहतो, पसारा कमी होतो. गाइडना हे आत्ता सांगितलंस तर ते याला नियोजन म्हणतील, मार्चमध्ये सांगितलंस तर पळवाट.

मिसळ_तर्री_जास्त | सोमवार, रात्री ९.५२

ताई, मीठ घातल्यावर कांदा, मग तर्री. आम्ही तयार आहोत.

बे_एरिया_नाशिककर | मंगळवार, सकाळी ७.१०

इतकं जड कशाला? आमच्याकडे दोन-दोन आठवड्यांचे कामाचे तुकडे, म्हणजे स्प्रिंट, रोज १५ मिनिटांची टीमची उभ्याने मीटिंग, म्हणजे स्टँड-अप, बोर्डवर टू-डू, डूइंग, डन. अ‍ॅजाइल वापर. वॉटरफॉल, म्हणजे सगळं आधीच आखून एकामागून एक करणं, मेलं आता.

आराखडा | मंगळवार, सकाळी ८.४५

स्टँड-अप कुणाबरोबर, दादा? एम.ई.ला तो एकटाच असतो. आरशासमोर?

बोर्ड मात्र चांगला. डूइंगमध्ये एका वेळी दोनच्या वर कार्ड नकोत, हा नियम घे. कोड दोन आठवड्यांनी पुन्हा लिहिता येतो, म्हणून तिथे स्प्रिंट जमतात. कापलेला पत्रा पुन्हा जोडून मागता येत नाही, आणि सडलेला कांदा तर नाहीच. सिम्युलेशनचा भाग असेल तो स्प्रिंटने कर, चाळीचा भाग कॅलेंडरने.

बे_एरिया_नाशिककर | मंगळवार, सकाळी ९.०२

मान्य. आरशाचं पण मान्य.

गाइडच्या_खुर्चीतून | मंगळवार, रात्री १०.३०

मी शिकवतो, पीजीचे विद्यार्थी दरवर्षी असतात. आमची बाजूही ऐका.

विद्यार्थी दोन प्रकारे गायब होतात. पहिला काम करत नाही म्हणून गायब होतो, तो आम्हाला कळतो. दुसरा काम अडलंय म्हणून गायब होतो. तो लाजतो, आठवडाभर थांबू, काहीतरी दाखवायला झालं की जाऊ, असं म्हणत महिना काढतो. हा दुसरा मुलगा बहुतेक वेळा हुशार असतो. काम अडल्याची बातमी पहिल्या दिवशी द्या. एचओडींना सांगून लॅबची चावी मिळवणं, दुसऱ्या विभागातून चेंबर मागणं, ओळखीच्या कंपनीत फोन करणं ही कामं माझ्या एका फोनवर होतात. तुम्ही ती तीन आठवडे करत बसता.

भेटून गेलात की त्याच संध्याकाळी पाच ओळींचा मेल टाका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, काय अडलंय, पुढची भेट कधी. हे मिनिट्स लिहिणं कुठल्या कोर्सात दोन तास शिकवतील, पण ते हाताला लागतं लिहूनच. दोन महिन्यांनी मी म्हणालो की असं मी कधी बोललोच नव्हतो, तर तुमच्याकडे मेल असतो. आम्ही विसरतो, आणि हे मी खुर्चीत बसून लिहितोय. रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर फ्री आहात का' एवढंच पाठवू नका. काय हवंय ते त्याच मेसेजात लिहा.

थिसिस लिहायला एप्रिलची वाट बघू नका. प्रयोगाच्या पद्धतीचं प्रकरण सेन्सर बसवला त्याच आठवड्यात लिहून होतं, तेव्हा सगळं डोळ्यांसमोर असतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याच्यावर गेलं की दुरुस्ती करून पुन्हा सादर करणं आलं. घाईत लिहिणारेच तिथे अडकतात, कारण घाईत माणूस चिकटवतो.

आराखडा यांनी सुचवलेला लॅबमधला कक्ष पटला. तुमच्या गाइडची परवानगी मात्र लेखी घ्या. सिनॉप्सिसमध्ये चाळ लिहिलंय आणि थिसिसमध्ये कक्ष निघाला, तर बदल कुठे नोंदवलाय हे विचारलं जातं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट | बुधवार, पहाटे १२.५०

शिफ्ट संपवून लिहितोय, शुद्धलेखनाला माफी.

माझं छोटं वर्कशॉप आहे, शीट मेटल आणि किरकोळ फॅब्रिकेशन. कॉलेजची पोरं दरवर्षी येतात. कशी येतात ते सांगतो. मोबाइलवर एक फोटो, किंवा थ्रीडी मॉडेलचा स्क्रीनशॉट. 'काका असं बनवायचंय, किती होतील?' पत्रा किती जाडीचा? माहीत नाही. एमएस की जीआय की एसएस? गप्प. फ्लँजला भोकं किती, कुठल्या बोल्टची? उद्या सांगतो. मग मी पण सांगतो, उद्या देतो.

माझ्याकडून तारीख हवी तर माझ्यापुढे हे ठेवा. कागदावर टू-डी ड्रॉइंग, मापं मिलिमीटरमध्ये, जाडी, मटेरियल, नग, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) जिथे खरंच लागतो तिथेच. सगळीकडे प्लस-मायनस ०.०५ लिहिणाऱ्याला मी सरळ टूलरूमकडे पाठवतो, पंख्याच्या डक्टला ते कशाला? कोटेशन लेखी मागा. जीएसटी धरून की सोडून ते विचारा. कॉलेजकडून पैसे मिळणार असतील तर बिल कुणाच्या नावाने हवं ते आधीच सांगा, बिल एकदा फाडलं की नाव बदलून मिळत नाही.

आणि फोन करा हो. रोज नको, पण ठरवून. माल कापला का? वाकवला का? वेल्डिंग कधी? जो विचारतो त्याचं काम वर येतं, हे बरोबर नाही पण तसंच आहे. शक्य असेल तर या. कार्बन नाक्यावर उतरून फोन केला तर मी पोरगा पाठवतो. मशीनपाशी उभं राहिल्यावर कळतं की तुम्ही काढलेली ती आतली बेंड कुठल्याच प्रेसवर मारता येत नाही. एका मुलीला ते कळलं. तिने तिथेच पेन काढून ड्रॉइंग सुधारलं, खाली तारीख आणि सही केली, जुन्या कॉपीवर रद्द लिहिलं. इतक्या पोरांत तेवढी एकच. तिला मी त्याच आठवड्यात माल दिला.

रोखठोक | बुधवार, सकाळी ११.१५

हे सगळं गोड आहे, पण एचआर बायोडेटा बघतो तो शब्द शोधून. प्रायमावेरा, एमएस प्रोजेक्ट, सिक्स सिग्मा दिसलं नाही तर फाइल बाजूला. कांद्याचा घाम कोण विचारतंय? पोराला नोकरी हवीय, प्रवचन नकोय.

पुणेरी_पीएमओ | बुधवार, दुपारी २.३०

रोखठोक, थोडं खरं आहे. प्रायमावेरा बांधकाम, पॉवर, रिफायनरी अशा मोठ्या साइटवर चालतं. तिकडे जायचं असेल तर शिकावंच. पण अंबड-सातपूरला जिथे वाहनांचे सुटे भाग होतात, तिथे नवीन पार्टचं काम एपीक्यूपीच्या (दर्जाचं आगाऊ नियोजन) टप्प्यांनी चालतं आणि शेवटी गिऱ्हाइकाला पीपीएपीची, म्हणजे पार्टच्या मंजुरीची, फाइल जाते. तिथला प्रोजेक्ट इंजिनिअर एक्सेल आणि फोन यांवरच जगतो. कुठे जायचंय ते ठरव, मग सॉफ्टवेअर. सरावाला प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे, एमएस प्रोजेक्टच्या फाइल्सही उघडतो.

रोखठोक | बुधवार, दुपारी २.४४

मग माझंच बरोबर झालं ना? शिकावंच लागतं.

पुणेरी_पीएमओ | बुधवार, दुपारी २.५०

तुमचं नेहमीच बरोबर असतं.

येवल्याची_लेक | बुधवार, रात्री ८.२०

मीटिंगमध्ये बोलायचं मूळ प्रश्नात होतं, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात होते, एम.टेक. झालं, आता गोंद्याला एका कंपनीत आहे. विषय येतो, पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत पुढचा मुद्दा सुरू होतो, हा त्रास मला खूप झाला.

मला उपयोग झाला तो एका सवयीचा. मीटिंगच्या आधी माझ्या वाट्याची तीन वाक्यं लिहून ठेवायची: काय झालं, काय अडलं, मला कुणाकडून काय हवं. तेवढीच बोलायची. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं आणि आपोआप चर्चा आपल्या कामावर येते. पहिले काही महिने मी वाचून दाखवायचे, कुणी हसलं नाही. शॉपफ्लोअरवर तर मराठीतच बोला, ऑपरेटरला इंग्रजीत प्रोसेस समजावणारा इंजिनिअर तिथे तसाही टिकत नाही.

प्रोग्रेस सेमिनारला ज्युनिअरना बसवून आधी एकदा करून बघ. त्यांना जिथे कळलं नाही, तिथे परीक्षकांनाही कळणार नाही.

जलसंपदा_निवृत्त | गुरुवार, सकाळी ७.४०

चर्चा वाचून राहवलं नाही. सरकारी खात्यात आयुष्य गेलं, २०१५ च्या सिंहस्थाच्या कामांतही होतो.

प्रकल्पात वेळ, पैसा आणि व्याप्ती या तिन्ही गोष्टी ताणता येतात असं पुस्तकात असतं. सिंहस्थात वेळ ताणता येत नाही. आता पुढचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. घाट अर्धा राहिला म्हणून मुहूर्त पुढे जात नाही. मग काय करायचं? कुठलं काम आधी पूर्ण व्हायलाच हवं आणि कुठलं नंतर झालं तरी चालेल, याची यादी पहिल्या महिन्यात करायची. आम्ही ती करायचो, आणि तिच्यावरून भांडणंही तिथेच व्हायची. भांडण पहिल्या महिन्यात झालेलं बरं. तुमची थिसिस जमा करायची तारीख अशीच समजा. काय गाळलं तरी काम उभं राहील, ते आत्ता ठरवा.

आणखी एक. २०१५ च्या आधी नाशकात कुंभथॉन झालं होतं. एमआयटीचे रमेश रासकर, आपले नाशिकचेच, त्यांच्या पुढाकाराने. इंजिनिअरिंगची मुलं, डॉक्टर, पालिकेचे अधिकारी एकत्र बसून गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय अशा प्रश्नांवर काम करत होते. त्यातली बरीच कामं प्रोटोटाइपपुरतीच राहिली असतील, पण ज्या मुलांना पालिकेच्या माणसाकडून हो म्हणवून घेता आलं, ती वेगळीच तयार झाली. सिंहस्थ पुन्हा आलाय. संधी शोधा. मात्र डिझर्टेशन बाजूला ठेवून नव्हे.

मिसळ_तर्री_जास्त | गुरुवार, सकाळी ८.०५

काका, सिंहस्थ येईपर्यंत द्वारका चौक ओलांडणं हाही प्रोजेक्टच आहे. त्याचा क्रिटिकल पाथ कुणी काढला तर सांगा.

चाळीतला_इंजिनिअर | रविवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. दरम्यान जे झालं ते लिहितो.

गाइडना लॅबमधल्या कक्षाचा बदल सांगितला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मग सिनॉप्सिसमध्ये सुधारणा करायला सांगितली. मेल टाकलाय, त्यांचं 'ओके, प्रोसीड' असं उत्तरही आलंय, फाइलला लावलं. सेन्सर मिठाच्या डब्यात ठेवले होते, एक ७३ दाखवतो, एक ७८. एक सरळ ९९ वरच बसलाय, तो परत करतोय.

चाळीसाठी चांदवडकडचे एक शेतकरी तयार झालेत. त्यांची अट एकच, कांद्याला हात लावायचा नाही आणि गाडी लागली की वायर गुंडाळून बाजूला व्हायचं. रिस्क म्हणून पहिली नोंद हीच केली: भाव वाढला तर चाळ रिकामी. उपाय म्हणून शेजारच्या दुसऱ्या चाळीतही दोन सेन्सर लावतोय, आणि दोन क्विंटल कांदा आत्ताच विकत घेऊन लॅबसाठी वेगळा ठेवतोय. निफाडच्या काकांना विचारायचंय, खालच्या थरात सेन्सर घालायचा तर कांदा न हलवता कसा घालू?

आणि आराखडा ताई, तुमचा तो तारखा सांभाळायचा टेम्प्लेट मिळेल का?

निफाडचा_कांदेवाला | रविवार, रात्री ९.५०

वरून घालू नको, कांदा दुखावला की तिथून सड धरतो. चाळीच्या तळाला फटी असतात, हवेसाठी ठेवलेल्या. खालून काठीला बांधून फटीतून वर सरकव. उंदीर वायर खातात, पाइपातून घे.

सातपूर_सेकंड_शिफ्ट | रविवार, रात्री ११.५८

पाइपचे तुकडे माझ्याकडे पडलेत, भंगारात जाणार होते. घेऊन जा. आणि कक्षाचं ड्रॉइंग आणशील तेव्हा जाडी लिहून आण.

आराखडा | सोमवार, सकाळी ८.३०

टेम्प्लेट देत नाही. दुसऱ्याचा टेम्प्लेट माणूस भरतो पण वापरत नाही. कॉलम सांगते, स्वतः बनव.

काम. कुणाच्या हातात आहे, आणि तिथे माणसाचं नाव हवं, 'वेंडर' किंवा 'लॅब' नको. त्याने दिलेली तारीख. तुझी अंदाजाची तारीख, पर्टने काढलेली. शेवटचा फोन कधी केला. पुढचा फोन कधी. हे झालं नाही तर कुठलं काम अडतं. रंग, पट्ट्या, टक्केवारी काही नको.

दर शनिवारी फक्त दोन कॉलम बघायचे, पुढचा फोन आणि अडणारं काम. ज्या ओळीत शेवटचा फोन पंधरा दिवसांपूर्वीचा आहे तिथे आधी फोन लाव. शेतकऱ्याचाही नंबर त्यात घाल. भावाची खबर त्यांना तुझ्या आधी कळते.

रोखठोक | सोमवार, सकाळी ९.१०

आणि बायोडेटावर काय लिहायचं याचं?

येवल्याची_लेक | सोमवार, सकाळी ९.३५

हेच. अमुक महिन्यांचं काम, एवढा खर्च, दोन शेतकरी, एक फॅब्रिकेटर, एक लॅब, मध्येच व्याप्ती बदलली आणि लेखी मंजुरी घेतली. आमच्या कंपनीत मुलाखतीला मी बसते. यातल्या कुठल्याही एका शब्दावर बोट ठेवून मी वीस मिनिटं विचारू शकते, आणि त्याला वीस मिनिटं बोलता येईल.

रोखठोक | सोमवार, सकाळी ९.४१

ठीक आहे, पण प्रायमावेरा पण शीक.